कचेरीतले टेबल चुलीपाशी

मे महिन्यात मुंबईहून म्हसळा-श्रीवर्धनकडे जाणारे टेंपो जरा नीट पाहावेत. ताडपत्रीखाली बोचकी, गाद्या, पंखा, आंब्यांच्या रिकाम्या पेट्या आणि सगळ्यांत वर पाय आभाळाकडे केलेले एखादे टेबल, नाहीतर दोरीने आवळलेले कपाट. मुंबईच्या खोलीत नवे आले की जुने गावाला जाते, हा आपल्या कोकणी संसारांचा न लिहिलेला नियम आहे. टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही, अशा वस्तूंची ही शेवटची गाडी.

ही वाहतूक पुढच्या काही वर्षांत वाढणार असे आम्हाला वाटते. वरळीच्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकात उभ्या राहिल्या. एकेक खोली 160 चौरस फुटांची. तिच्यातच मोरी, तिच्यातच चूल, आणि तिच्यातच दोन-तीन पिढ्यांची बाळंतपणे, लग्ने, आजारपणे. 14 ऑगस्ट 2025 रोजी तिथल्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदाचीच गोष्ट आहे. पण नव्या घराच्या पांढऱ्या भिंतीसमोर बापाने गिरणीच्या बोनसातून घेतलेले सागाचे कपाट एकदम काळे आणि बोजड दिसू लागते. लिफ्टमध्ये ते आडवे जात नाही, उभे मावत नाही. मग जुना बाजारवाला येतो आणि जळणाच्या भावाने मागतो. तोच माल पुढे ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात किंवा चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर पॉलिश होऊन ‘जुने सागवान’ या नावाने उभा राहतो आणि हौशी माणसे त्याला भारी किंमत देतात. ज्याला हे माहीत असते तो जळणाच्या भावाने देत नाही, गावी धाडतो.

गावी आलेल्या त्या वस्तूचे पुढे काय होते, हा आमचा आजचा विषय. ती बसते पुढच्या खोलीत. वर टीव्ही, त्यावर विणलेला रुमाल, शेजारी प्लास्टिकची फुले. पाहुणा येतो, बघतो, बरे म्हणतो. आणि माजघराच्या मागे, जिथे घरातली बाई दिवसाचे पाच-सहा तास असते, तिथे काय असते? एक पाट, एक विळी, भिंतीला टेकवलेली डब्यांची रांग आणि जमिनीवर ठेवलेली शेगडी. पैसा असो नसो, घरात जे चांगले येईल ते आधी पुढच्या खोलीत आणि उरलेसुरले आत. ही चाल आम्ही श्रीमंत-गरीब, शिकलेल्या-अडाणी सगळ्या घरांत पाहिली आहे. पुरुषाने स्वयंपाकघराविषयी काय लिहावे, असे कोणी विचारील. पण त्या स्वयंपाकघरातले दोन वेळा खाणारे आम्हीही आहोत, तेव्हा थोडा अधिकार पोचतो.

आमच्या एक आत्या दिवेआगरात असतात. यजमान गिरणी कामगार. 1982 च्या संपानंतर ते कुटुंब गावी परतले ते कायमचेच. घर साधे, मागे चार पोफळी आणि दोन माड. घरात सिलिंडर आला, धूर गेला, डोळ्यांची आग थांबली. पण शेगडी ठेवली ती चुलीच्या जागी, जमिनीवरच. म्हणजे गॅस आला, ओटा आला नाही. उज्ज्वला योजना 1 मे 2016 पासून सुरू झाली आणि लाखो घरांत शेगड्या पोचल्या, हे मोठे काम झाले यात शंका नाही. पण शेगडी कशावर ठेवायची, हे ज्याचे त्याने पाहायचे होते. शेगडी सिलिंडरच्या तोंडापेक्षा उंचावर असावी असे गॅसवाले सांगतात. गळती झाली तर हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने वर न जाता जमिनीलगत पसरतो. तिथेच खाली पेटती शेगडी असेल तर काय होईल ते सांगायला नको. तेव्हा ओटा ही नुसती पाठीच्या सोयीची बाब नाही.

आत्यांकडे दोन फर्निचरे होती. एक, मुलाने हप्त्यावर घेतलेला नवा शोकेस. दुसरे, त्याच मुलाने मुंबईत एका कचेरीच्या लिलावातून उचललेले सागाचे कारकुनी टेबल. चार फूट बाय अडीच फूट, डाव्या हाताला तीन खण, मध्ये एक ड्रॉवर, वर शाईचे डाग. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर होता. दिवेआगर-श्रीवर्धनकडे नारळी-पोफळीच्या वाड्यांत झाडे आडवी झाली, घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब पडून कित्येक दिवस काळोख होता. आत्यांच्या घराचे अर्धे छप्पर गेले आणि दोन्ही फर्निचरे पावसात भिजत राहिली. शोकेस लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा होता. दुकानदार त्याला पार्टिकल बोर्ड म्हणतात. तो चहात बुडवलेल्या पावासारखा फुगला आणि हात लावला तर हातात आला. टेबल मात्र वाळले, थोडे काळवंडले आणि होते तसे उभे राहिले. शाईचे डागसुद्धा शाबूत. कोकणच्या हवेत कुठले लाकूड टिकते याचा दाखला शोधायला आम्हाला दुसरीकडे जावे लागले नाही.

छप्पर नवे झाले. शोकेस गेल्यामुळे टीव्हीला जागा हवी, म्हणून मुलाने टेबल पुढे ओढले. तेव्हा आत्या म्हणाल्या, “अरे, टीवी तू बसून बघतोस नि भाकऱ्या मी पण बसूनच करतेय चाळीस वर्सं. आता टीवीला खाली बसव नि मला उभी कर.” यावर कोणाला काही बोलता आले नाही. दुसऱ्या दिवशी सुतार आला.

त्या टेबलाचा ओटा कसा झाला ते सविस्तर सांगतो, कारण वाचक भगिनींना उपयोगाचे हेच आहे.

पहिली गोष्ट उंचीची. लिहिण्याचे टेबल साधारण 30 इंच उंच असते. ते पाहून लोक म्हणतात, ओटा तर याहून उंच असतो, हे बुटके पडेल. पण शेगडीची स्वतःची पाच-सहा इंच उंची असते, हे ते विसरतात. घरातल्या बाईने सरळ उभे राहून कोपरात हात दुमडावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजावे. तवा साधारण त्या उंचीला किंवा किंचित खाली आला पाहिजे, म्हणजे खांदा उचलावा लागत नाही आणि पाठ वाकवावी लागत नाही. पाच फूट उंचीच्या बाईला 30 इंचांचे टेबल शेगडीसाठी बरोबर बसते. आत्या त्याहून बुटक्या, म्हणून सुताराने चारही पायांचे दोन-दोन इंच कापले. जुन्या टेबलाच्या पायांचे तळ फरशी पुसून पुसून आणि वाळवी चाटून बहुधा तेवढेच खराब झालेले असतात, त्यामुळे त्यात नुकसान काहीच झाले नाही. बाजारात तयार ओटे मिळतात ते कोणाच्या मापाचे असतात देव जाणे. घरातल्या बाईच्या तर नसतातच.

दुसरी गोष्ट सिलिंडरची. टेबलाखाली पाय सोडण्याची जी मोकळी जागा असते तिथे तो छान राहतो, पण मधला ड्रॉवर आडवा येतो. तो काढून टाकला. सिलिंडर उभाच ठेवावा, समोरून उघडा ठेवावा. पडदा किंवा दार लावून त्याला कोंडू नये. शेगडी त्याच्या बरोबर डोक्यावर न ठेवता खणांच्या बाजूला ठेवली. रबरी नळी जुनी झाली असेल तर याच वेळी बदलावी. हल्ली जी नारिंगी सुरक्षा नळी मिळते तिची मुदत पाच वर्षांची असते आणि तारीख नळीवर छापलेली असते.

तिसरी गोष्ट वरच्या फळीची. लाकडावर थेट शेगडी ठेवायची नाही, हे सांगायला नकोच. वर कडप्प्याची फरशी टाकली, पाऊण इंच जाडीची. चार बाय दोन फुटांची ही फरशी चाळीस किलोच्या आसपास भरते. म्हणून ती टाकण्याआधी फळीखाली मागेपुढे दोन आडव्या पट्ट्या ठोकून घेतल्या. फरशी सिमेंटने चिकटवली नाही. खाली रबराचे तुकडे ठेवून नुसती बसवली. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आवळते, दगड तसे करत नाही. दोघांना जखडून बांधले तर फरशीला तडा जातो. शिवाय सांडलेले पाणी मध्ये मुरले तर फरशी उचलून पुसता येते. झुरळांनाही घर मिळत नाही.

चौथी गोष्ट खिळ्यांची. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर लोखंडी स्क्रू दोन पावसाळे काढत नाही आणि गंजताना सागाला काळे डाग पाडतो. जुने लोखंडी काढून पितळी किंवा स्टीलचे स्क्रू घातले. बिजागऱ्यांचेही तेच. पायांखाली जांभ्याचा चिरा ठेवू नये. चिरा पाणी पितो आणि लाकडाला पाजतो. फरशीचा नाहीतर कडप्प्याचा तुकडा ठेवावा. आपल्याकडे होड्यांना आणि वाशांना काजूच्या टरफलांचे तेल लावायची रीत आहे. वाळवीवर ते औषधच आहे, पण कातड्याला लागले तर भाजल्यासारखे फोड येतात. ते लावायचेच तर पायांच्या कापलेल्या तळांना, तेही जाणत्या माणसाकडून, आणि पुरते वाळल्यावरच टेबल घरात घ्यावे. बाकी लाकडाला जवसाच्या तेलाचा हात पुरतो.

खर्च म्हणाल तर सुताराची दोन दिवसांची मजुरी, फरशी, स्क्रू आणि तेल. चार ठिकाणी विचारले होते, सिमेंटचा ओटा याच्या कितीतरी पट जात होता. आणि तो घर बदलताना उचलता येत नाही.

आता एक धोक्याची सूचना, आणि ती आम्ही मुद्दाम लांबवून सांगणार आहोत. जुने फर्निचर रंगवलेले असेल, विशेषतः हिरव्या, पिवळ्या, पांढऱ्या तेलरंगाने, तर त्या रंगात शिसे असू शकते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांवर आणणारा नियम 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचा रंग संशयितच धरावा. शिसे पोटात गेले तर लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते आणि झालेले नुकसान भरून येत नाही. आपण करतो काय? अंगणात टेबल उलटे टाकून कोरडा पॉलिश पेपर मारतो, धुरळा उडतो आणि पोरे भोवती खेळत असतात. तसे करू नये. वॉटर पेपर घ्यावा, लाकूड ओले ठेवून घासावे, तोंडाला फडके बांधावे, पोराबाळांना आणि पोटुशी बाईला लांब ठेवावे. खाली प्लास्टिकचा कागद अंथरून निघालेला लगदा त्यातच गुंडाळावा. तो माडाच्या आळ्यात टाकू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे रंगवलेल्या लाकडाचे ढलपे न्हाणीच्या चुलीत घालू नयेत. गावोगाव आम्ही हेच पाहतो. मोडक्या खिडक्या, दारे, मायका लावलेल्या प्लायचे तुकडे आंघोळीच्या पाण्याखाली जळतात आणि तो धूर घरात फिरतो. जुना रंग सगळा निघत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. वर नवा रंग द्यावा आणि ते लाकूड पीठ-भाजी ठेवायला वापरू नये.

दुसऱ्या वस्तूंविषयी थोडक्यात. काचेच्या दारांचे पुस्तकांचे कपाट कोणाकडे पडून असेल तर त्याच्या काचा काढून स्टीलची बारीक जाळी ठोकावी. बाजूच्या फळ्यांनाही चौकोन कापून जाळी लावावी. झाले जाळीचे कपाट. फ्रिज येण्याआधी घरोघरी दूध-भाकरी यातच राहत होती, आणि जिथे वादळानंतर कित्येक दिवस वीज नसते तिथे ते आजही कामाचे आहे. कोंडट पावसाळ्यात बंद कपाटातल्या भाकरीला बुरशी येते, जाळीच्या कपाटात हवा खेळते. चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची जुनी युक्ती मुंग्यांवर अजूनही चालते. फक्त पाय थेट पाण्यात ठेवला तर तो कुजतो. वाटीत आधी कडप्प्याचा उंच तुकडा ठेवावा, त्यावर पाय, भोवती पाणी. आणि ते पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे, नाहीतर मुंग्या जातील आणि डास होतील.

बंद पडलेल्या शिवणयंत्राचे बिडाचे पाय भंगारात देऊ नयेत. त्यावर दगडी फरशी टाकली की मिक्सर ठेवायला हालत नाही असे टेबल होते. सागाच्या कॉटच्या फळ्यांची भिंतीवरची मांडणी उत्तम होते. मात्र मागे चार बोटे हवा राहील अशी ठोकावी. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला फळी चिकटली की कुजायला सुरुवात झालीच म्हणून समजा. गादीच्या जुन्या दिवाणाविषयी आमचे मत वाईट आहे. त्यात ढेकूण निघाले नाहीत असा दिवाण आम्ही अजून पाहायचा आहे. तो स्वयंपाकघरात आणूच नये.

हे जुने फर्निचर मिळवायचे कुठून? नातेवाइकांकडून, घरे मोडतात तिथून. दिवेआगरात राहण्या-जेवणाची सोय करणारी घरे आहेत, तीही अधूनमधून जुने काढून नवे आणतात, विचारून ठेवावे. पण चांगले लाकूड अजून सरकारी आणि निमसरकारी कचेऱ्यांत आहे, आणि याबाबतीत आम्हाला चार गोष्टी माहीत आहेत, कारण नोकरीच ती आहे. कचेरीतले प्रत्येक टेबल-खुर्ची जडवस्तू संग्रह नोंदवहीत लिहिलेली असते. ती निरुपयोगी ठरली की तिचे निर्लेखन होते आणि मग लिलाव. त्याची सूचना फलकावर लागते. ती वाचायला आपले लोक येत नाहीत, भंगारवाले येतात. हिशोबाच्या पुस्तकात घसारा असा चालतो, की दरसाल राहिलेल्या किमतीच्या दहा टक्के कमी केले तर 5,000 रुपयांचे टेबल 20 वर्षांनी कागदावर 600 रुपयांच्या आसपास येते. घसारा कागदावर होतो. सागाच्या गाभ्याला त्याची खबर नसते. मात्र लिलावात माल बहुधा एकगठ्ठा असतो. त्यात दोन चांगली टेबले, दहा मोडक्या खुर्च्या आणि गंजलेली रॅक. एका घराला तो परवडत नाही. महिला बचत गटाने मिळून बोली लावली, टेबले वाटून घेतली आणि लोखंड भंगारात विकले तर प्रत्येकीच्या वाट्याला ओटा फार स्वस्तात येतो. गटाच्या इतिवृत्तात तसा ठराव लिहून घ्यावा, पावती गटाच्या नावाने घ्यावी आणि कोणाला कोणते टेबल याच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. नाहीतर स्वस्तातला ओटा महागातले भांडण होऊन बसतो.

खरेदी करताना वरचे पॉलिश पाहूच नये. टेबल उलटे करावे. फळीच्या कडेला थर-थर दिसले तर ते वरून सागाचा पापुद्रा चिकटवलेले प्लाय आहे. अखंड लाकडाच्या रेषा फळीच्या तोंडावरून कडेवर वळलेल्या दिसतात. कडेचा पांढरट भाग सागाचा असला तरी कीड आधी तिथेच लागते. गडद गाभा जितका जास्त तितके चांगले. बारीक छिद्रे जुनी असतील तर चालतील, पण टेबल आपटल्यावर त्यातून पिठासारखा ताजा भुगा पडला तर कीड जिवंत आहे. ते फुकट दिले तरी घरात आणू नये. सांधे खिळ्यांचे आहेत की खाचेत खाच बसवलेले, ते हलवून कळते. सोबत टॉर्च, फूटपट्टी आणि एक पेचकस असावा. पायाच्या तळाला पेचकस टोचून पाहावा, सहज आत गेला तर आत वाळवीचे वारूळ आहे. आणि टेबल उलटे करून बघू देत नसतील तर बोली लावू नये.